पत्त्यांची वही आणि हरवलेल्या तबकड्या

जून १९७६. आणीबाणीला वर्ष होत आलं होतं. पवनारच्या आश्रमात पोलीस आले आणि ‘मैत्री’ मासिकाचे छापून तयार असलेले अंक जप्त करून घेऊन गेले. गोहत्याबंदी झाली नाही तर ११ सप्टेंबरपासून उपोषण करू, हा विनोबांचा निर्धार त्या अंकात होता. यवतमाळ रोडवर सावंगी (मेघे), नागपूर रोडवर पवनार, मधे वर्धा शहर. सावंगीच्या ग्रामीण रुग्णालयाला आज त्याच विनोबांचं नाव आहे. धाकाच्या काळात छापल्या कागदाचं काय होतं, हे या भागातल्या जुन्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच १९७६ साली पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ब्युनोस आयर्सच्या विया आदेलिना या उपनगरात, एका कुटुंबाने आपल्या राहत्या घरातून एक तबकडी काढली. नाव ‘त्रान्स्पारेन्सियास’. तिच्यावर की-बोर्ड वाजवणारा लितो विताले जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा होता. २४ मार्चला अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली होती आणि माणसं रात्रीतून नाहीशी होऊ लागली होती. अशा वर्षात हे घर कुठल्याही कंपनीच्या आधाराशिवाय चाळीस मिनिटांचं, गुंतागुंतीचं, न खपण्याजोगं संगीत काढायला निघालं, आणि पुढची काही वर्षं काढतही राहिलं. स्पॅनिश भाषेतल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा इतिहास सांगायचा तर मला या घरापर्यंत पोचावंच लागतं. पण तिथे जायची वाट दहा वर्षं आधीपासून सुरू होते.

प्रोग्रेसिव्ह रॉक इंग्लंडात १९६९च्या सुमारास रुजला. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस ही त्यातली मोठी नावं. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून या मंडळींनी एलपीची अख्खी बाजू, म्हणजे सुमारे वीस मिनिटं, एकाच रचनेला द्यायला सुरुवात केली. विलंबितातून द्रुतात जाणाऱ्या ख्यालासारखी ही रचना वेळ घेऊन उलगडते. ताल मधेच बदलतो, बासरी आणि व्हायोलिन गिटारच्या बरोबरीने बसतात. इंग्लंड-अमेरिकेत या संगीताला मोठ्या कंपन्या आणि मोठी सभागृहं मिळाली. लॅटिन अमेरिकेत ते पोचलं तेव्हा तिथे एका पाठोपाठ एक देश लष्कराच्या हाती जात होते.

अर्जेंटिनात पहिला निर्णय झाला तो भाषेचा. १९६७ साली लोस गातोस या बँडची ‘ला बाल्सा’ ही छोटी रेकॉर्ड आली आणि दोन लाखांहून जास्त खपली. तोवर रॉक म्हणजे इंग्रजी, ही समजूत पक्की होती. या एका गाण्याने ती मोडली. आपल्याकडे हीच वर्षं ‘शिमला बीट’ स्पर्धेची. सिगारेट कंपनीच्या पैशावर देशभरातले बँड तिथे उतरत. १९७० आणि १९७१ साली निवडक बँडच्या दोन एलपीही निघाल्या. वाजवणारी मुलं गुणी होती, पण गायची ती इंग्रजीत. मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्ट या बँडची एकुलती एक तबकडीही तशीच. ती विसरली गेली आणि २०११ साली एका अमेरिकी लेबलने पुन्हा काढली. मराठीत रॉकची अशी पिढी त्या काळात उभी राहिली नाही. ब्युनोस आयर्सच्या पोरांनी मात्र आपल्या बोलीत लिहिलं. पुढे सरकारला त्यांची भीती वाटली तीही म्हणूनच, कारण गाण्याचा शब्द न् शब्द ऐकणाऱ्याला कळत होता.

१९७१ साली वोक्स देई या बँडने बायबलवर अख्खा दुहेरी अल्बम केला. १९७२ साली आर्को इरिसने ‘सुदामेरिका’ हा आणखी एक दुहेरी अल्बम काढला, एक अख्खा रॉक ऑपेरा. त्यात चारांगो आणि केना, म्हणजे अँडीज पर्वतातल्या लोकांची छोटी तंतुवाद्यं आणि बासऱ्या, इलेक्ट्रिक गिटारच्या शेजारी आल्या. आर्को इरिसचं राहणं वर्ध्याच्या वाचकाला ओळखीचं वाटेल. सगळे एकत्र राहत. मांसाहार नाही, दारू नाही, नशा नाही, ब्रह्मचर्याचं बंधन आणि रोजची साधना. दाना नावाची एक स्त्री या समूहाची आध्यात्मिक मार्गदर्शक होती. रॉक आणि संयम एका घरात नांदू शकतात, यावर बाहेरच्या कुणाचा विश्वास बसत नसे. पण त्यांच्या संगीतात जी स्वच्छता ऐकू येते तिचा या शिस्तीशी संबंध आहे, असं मला वाटतं. बँडचा गिटारवादक आणि गायक गुस्तावो सांताओलाया १९७५ साली बाहेर पडला. पुढे ‘ब्रोकबॅक माउंटन’ आणि ‘बॅबेल’ या चित्रपटांच्या संगीतासाठी त्याला लागोपाठ दोन ऑस्कर मिळाले. त्याचं ते नाव जगाला माहीत आहे, त्याचा ‘सुदामेरिका’ माहीत नाही.

अँडीजच्या पलीकडे चिलीमध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे रॉकवाले आणि लोकगायक एकमेकांच्या घरी ये-जा करणारे. ब्लोप्स या सांतियागोच्या बँडने १९७१ साली विक्तोर हारा या लोकगायकाच्या ‘एल देरेचो दे विविर एन पास’ या गाण्याला इलेक्ट्रिक गिटारची साथ दिली. गाणं व्हिएतनामच्या बाजूने होतं. हारासारखा गायक अमेरिकी वाटणारी वाद्यं का घेतो, म्हणून डाव्या मंडळींतही कुरकुर झाली. ११ सप्टेंबर १९७३ला लष्करप्रमुख पिनोचेतने सत्ता घेतली, आणि काही दिवसांतच हाराला एका स्टेडियममध्ये हालहाल करून मारण्यात आलं. त्याच्या रेकॉर्ड काढणाऱ्या दिकाप या लेबलच्या मूळ टेप सैनिकांनी नष्ट केल्या. हाराची पत्नी जोन यांनी काही टेप कशाबशा देशाबाहेर नेल्या, म्हणून तो आवाज आज ऐकता येतो. केना-चारांगो वाजवणं हासुद्धा आता संशयाचा विषय झाला.

लोस हाइवास हा विन्या देल मारचा बँड त्याच सप्टेंबरच्या अखेरीस अर्जेंटिनात निघून गेला. तीन भाऊ, मित्र, बायका-पोरं, वाद्यं, सगळा संसार. अर्जेंटिनातही लष्कर आलं तेव्हा १९७७ साली ते फ्रान्सला गेले आणि पॅरिसजवळच्या एका घरात पुन्हा एकत्र राहू लागले. १९८१ साली तिथे त्यांनी नेरुदाच्या माचू पिच्चूवरच्या दीर्घकवितेला चाल लावून ‘आल्तुरास दे माचू पिच्चू’ हा अल्बम केला. प्रत्यक्ष त्या अवशेषांमध्ये त्याचं टीव्हीसाठी चित्रण झालं आणि निवेदक म्हणून कादंबरीकार मारिओ वार्गास योसा उभा राहिला. हा अल्बम आता अनोळखी राहिलेला नाही. या संगीताकडे येणाऱ्या नव्या श्रोत्याने तो आधी ऐकावा. हाच दरवाजा सगळ्यात मोठा आहे.

ज्या तबकडीसाठी माझा जीव तुटतो ती बोलिवियाची. ला पास शहरात १९७३ साली वारा या बँडने ‘एल इन्का’ काढली. जाड, खरखरीत गिटार, चर्चमधल्यासारखा ऑर्गन, अधूनमधून तंतुवाद्यांचा लहानसा ताफा, आणि विषय पराभूत झालेल्या इन्का लोकांचा. हे सगळं एका लहानशा बाजारपेठेत, बान्सेरच्या लष्करी राजवटीत. बँड पुढे अँडीजच्या लोकवाद्यांकडे वळला. नंतरच्या अल्बमना त्यांनी आयमारा भाषेतले आकडेच नाव म्हणून दिले: ‘माया’ म्हणजे एक, ‘पाया’ म्हणजे दोन. देशात त्यांना मान मिळाला तो या लोकसंगीतासाठी. ‘एल इन्का’ मागे पडली. तिच्या तोडीची रचना इंग्लंडात झाली असती तर तिच्यावर पुस्तकं निघाली असती.

स्पेनबद्दल इथे थोडक्यात. फ्रँको १९७५च्या नोव्हेंबरात वारला, आणि त्याच वर्षी आंदालुसियातल्या त्रियाना या तिघांच्या बँडने ‘एल पातिओ’ काढला. फ्लॅमेंकोचा गळा आणि ऑर्गनची साथ असा मेळ तोवर फारसा कुणी केला नव्हता. आधी कुणी विकत घेईना, मग हळूहळू तो देशभर पसरला आणि मेस्किता, इमान, काय असे कितीतरी बँड त्याच वाटेने आले. फ्लॅमेंको घडवणाऱ्या जिप्सींचे पूर्वज वायव्य भारतातून गेलेले. त्या गळ्यातला कंप आपल्या कानाला परका वाटत नाही, त्याचं कारण कदाचित हेही असेल.

आता पुन्हा ब्युनोस आयर्स. सेन्सॉरची कात्री लष्कर यायच्या आधीच चालू झाली होती. १९७४ साली सुई खेनेरिस या अफाट लोकप्रिय जोडीच्या अल्बममधून दोन गाणी गाळावी लागली. एक दडपशाहीवर होतं, दुसरं लष्करातल्या सक्तीच्या नोकरीवर. १९७६नंतर रेडिओवर वाजवू नयेत अशा गाण्यांची यादी वाढतच गेली. १९६९ ते १९८२ या काळातली ही सरकारी यादी बऱ्याच वर्षांनी उघड झाली, तेव्हा तिच्यात दोनशेहून जास्त गाणी निघाली. मानवाधिकार संघटना नाहीशा झालेल्यांचा आकडा ३०,००० सांगतात. लोकशाही परत आल्यावर नेमलेल्या आयोगाने ८,९६१ प्रकरणांची नोंद केली.

आणि तरीही १९७६ ते १९७८ हीच अर्जेंटिनी प्रोग्रेसिव्ह रॉकची भरभराटीची वर्षं. इनविसिब्लेने ‘एल हार्दिन दे लोस प्रेसेन्तेस’मध्ये टँगोचं बांदोनिऑन आणलं. आलास या त्रिकुटाने टँगो आणि जॅझ एकत्र कालवलं. क्रुसिस, एस्पिरितू, ला माकिना दे हासेर पाहारोस अशी नावं पुढे आली. हे कसं झालं? मला त्याचं एक उत्तर संगीताच्या स्वभावातच दिसतं. लांबलचक वाद्यरचनेवर आक्षेप घ्यायला सेन्सॉरकडे शब्दच नव्हते. जिथे शब्द होते तिथे ते रूपकात लपले. रस्त्यावर चार जण जमणं धोक्याचं झालं तेव्हा संगीताचं सभागृह ही तरुणांना एकत्र श्वास घेता येईल अशा मोजक्या जागांपैकी एक उरली. तिथेही दाराबाहेर पोलिसांच्या गाड्या उभ्या असत.

या काळातली बुबु या बँडची कहाणी सांगण्यासारखी आहे. संगीतकार दानिएल आंद्रेओली याने सगळी रचना लिहिली, पण स्वतः एकही वाद्य वाजवलं नाही. व्हायोलिन, बासरी, सॅक्सोफोन, गिटार, बास, ड्रम आणि गायक असा संच त्याने बसवला. १९७८ साली ‘आनाबेलास’ आला. त्यात रचना फक्त तीन, आणि पहिली एलपीची पूर्ण बाजू व्यापते. तिच्यात शब्द जवळजवळ नाहीत. एका मिरवणुकीचं चित्र सुरांनी उभं केलं आहे, आणि ती मिरवणूक मधेच विस्कटते, पुन्हा जुळते. मी या संगीतातलं जे काही ऐकलं त्यात एवढी धाडसी बाजू दुसरी नाही. अल्बम खपला नाही आणि बँड विखुरला. ड्रमवादक पोलो कोर्बेया पुढे लोस आबुएलोस दे ला नादा या लोकप्रिय पॉप बँडमध्ये गेला. आंद्रेओलीने जवळपास चार दशकांनी नवी मुलं जमवून बुबु पुन्हा उभा केला आणि २०१८ साली ‘एल एको देल सोल’ हा नवा अल्बम काढला.

बुबुच्या मागे मोठी कंपनी होती आणि तरी तो तगला नाही. विया आदेलिनाच्या घरामागे कुणीच नव्हतं.

हे उपनगर सान इसिद्रोच्या परिसरातलं. १९२४ साली पेरूला निघालेले रवींद्रनाथ आजारी पडून ब्युनोस आयर्सला थांबले, तेव्हा विक्तोरिया ओकाम्पोने त्यांना ठेवलं ते सान इसिद्रोतच, नदीकाठच्या एका बंगल्यात. पन्नास वर्षांनी त्याच भागातल्या मध्यमवर्गीय वस्तीत रुबेन्स विताले, ज्यांना सगळे दोन्वी म्हणत, आणि त्यांच्या पत्नी एस्तेर सोतो यांनी आपलं घर संगीताला देऊन टाकलं. मुलगा लितो, मुलगी लिलियाना आणि त्यांचे मित्र मिळून झाला मिया. ही आद्याक्षरं; पूर्ण नावाचा अर्थ एकत्र आलेले स्वतंत्र संगीतकार. घरात संगीताचे वर्ग चालत, तालमी चालत, जेवणं चालत. स्वतःचं लेबल काढलं, सिक्लो ३. सभागृह भाड्याने घ्यायचं ते स्वतः, तिकिटं विकायची ती स्वतः. रेकॉर्ड काढायची तर आधी श्रोत्यांकडून आगाऊ पैसे गोळा करायचे आणि तबकडी तयार झाली की ज्याची त्याला द्यायची. दलाल नाही, दुकानदार नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी १९३४पासून ग्रामोद्योग संघाचं काम चालवलं, तेव्हा करणाऱ्याचं आणि वापरणाऱ्याचं नातं थेट असावं, यावर त्यांचा भर होता. विया आदेलिनाच्या मंडळींनी कुमारप्पा वाचले होते असा माझा दावा नाही. पण वर्ध्याच्या माणसाने हा हिशेब पाहिला तर त्याला तो लगेच उमगेल.

मियाची सगळी मदार एका गोष्टीवर होती: पत्त्यांवर. मैफलीला येणाऱ्यांचे पत्ते ही मंडळी लिहून ठेवत आणि पुढच्या कार्यक्रमाची खबर टपालाने कळवत. आज ही साधी गोष्ट वाटते. त्या देशात, त्या वर्षांत, ती साधी नव्हती. उचलून नेलेल्या माणसाच्या खिशात सापडलेल्या वहीतल्या नावांवरून पुढची माणसं उचलली जात होती. लोक आपापल्या पत्त्यांच्या वह्या जाळत होते. अशा दिवसांत अनोळखी तरुण एका घराला आपलं नाव आणि राहण्याचा पत्ता लिहून देत होते, का, तर पुढची मैफल चुकू नये. इतक्या विश्वासावर उभं राहिलेलं दुसरं लेबल मला माहीत नाही.

‘त्रान्स्पारेन्सियास’नंतर १९७७ साली ‘माहिकोस हुएगोस देल तिएम्पो’ आला, १९७८ साली ‘कोर्नोन्स्तिपिकुम’, आणि १९७९ साली प्रत्यक्ष मैफलींचा तीन तबकड्यांचा संच. पहिल्या अल्बममध्ये इंग्लिश बँडची छाप दिसते, हे मान्य करायला हवं. लितोची बोटं इंग्लिश की-बोर्डवादक कीथ एमर्सनच्या मागे धावतात. दुसऱ्यात लिलियानाचा गळा पुढे येतो आणि संगीत स्वतःचं होतं. तिसऱ्यात एका बाजूला नाजूक गाणी आहेत, दुसऱ्या बाजूला एक दीर्घ रचना, आणि मियाची सगळी ताकद तिथे एकवटली आहे. एकच ऐकायचा असेल तर हा तिसरा ऐकावा. मिया ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला संपला, पण मोडून पडला नाही. लितो विताले आज अर्जेंटिनातला नामांकित पियानोवादक आहे, लिलियाना गायिका म्हणून गात राहिली.

२ एप्रिल १९८२ला अर्जेंटिनाच्या सैन्याने माल्विनास, म्हणजे फॉकलंड बेटांवर उतरून इंग्लंडशी युद्ध ओढवून घेतलं. रेडिओवरून इंग्रजी गाणी बंद झाली. रिकामी झालेली वेळ भरायला त्याच राजवटीने, जिने स्पॅनिश रॉक दाबला होता, स्पॅनिश रॉक लावायला सुरुवात केली. १४ जूनला अर्जेंटिना युद्ध हरला, पुढच्या वर्षी राजवट गेली, रॉक मात्र रेडिओवर राहिला. पण आता काळ छोट्या, चटपटीत, नाचऱ्या गाण्यांचा होता. आलासने १९७७ साली ध्वनिमुद्रित केलेला ‘पिन्ता तू आल्देआ’ १९८३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा बँड उरलाच नव्हता. वीस मिनिटांच्या रचनांना लष्कराने जेवढं मारलं नाही तेवढं या बदललेल्या चवीने मारलं.

त्या पुन्हा सापडल्या त्या बाहेरच्या माणसांमुळे. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत जपान, इटली, फ्रान्समधले संग्राहक जुन्या एलपी शोधत ब्युनोस आयर्स, ला पास, स्पेनमधल्या सेव्हियापर्यंत पोचले. फ्रान्सचं मुसेआ, जपानचं बेल अँटिक अशा छोट्या लेबलांनी विसरलेल्या अल्बमच्या सीडी काढल्या. मग अर्जेंटिनातही वियाहेरो इन्मोविल नावाचं लेबल निघालं. काही अडचणी मात्र कायद्याच्या होत्या. आर्को इरिसच्या तबकड्या काढणारी म्युझिक हॉल ही कंपनी १९९३ साली दिवाळखोरीत गेली आणि तिचा सगळा साठा न्यायालयात अडकून पडला. कलाकारांना स्वतःचीच रेकॉर्ड पुन्हा काढता येईना. २०१६ साली अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संगीत संस्थेने तो साठा घेतला, तेव्हा ही कोंडी फुटली.

आज सावंगीच्या वसतिगृहातल्या खोलीत बसून यातलं बरंचसं मोबाइलवर ऐकता येतं. ‘आल्तुरास’पासून सुरुवात करा, मग ‘एल पातिओ’, मग ‘एल इन्का’, आणि कान तयार झाला की ‘आनाबेलास’. भाषा येत नसली तरी अडत नाही. एकच करा: मधे थांबवू नका, बाजू पूर्ण होऊ द्या.

आणि वर्धा-नागपूरकडच्या वाचकांना एक विनंती. आपल्या भागात खंजेरी भजनाच्या, दंडारीच्या, भीमगीतांच्या कितीतरी कॅसेट ऐंशी-नव्वदच्या दशकांत छोट्या कंपन्यांनी काढल्या. त्या कंपन्या बंद पडल्या, मूळ टेप कुठे गेल्या याचा पत्ता नाही. तुमच्या घरी माळ्यावर अशी एखादी पेटी असेल तर भंगारात घालू नका. वेष्टणावरची नावं वाचता येतात तोवर उतरवून ठेवा: गाणारा कोण, ढोलकीवर कोण, साल कोणतं. आणि कॅसेट अजून वाजत असेल तर या दिवाळीच्या आत ती कुणाकडून तरी संगणकावर घेऊन ठेवा.